ऑफिस नेटवर्कचं सबनेटिंग, वागळे इस्टेट ठाणे – चार स्टार, पाचवा स्कॅनरमुळे गेला

आमचा वागळे इस्टेटला एक मोठा गाळा आहे, त्यात तीन ऑफिसं, आम्ही सीए फर्म, बाजूला इंटेरिअर डिझाइनवाले आणि मागच्या बाजूला सॉफ्टवेअरची पोरं. फायबर कनेक्शन एकच, राऊटर एकच, साधा चोवीस पोर्टचा स्विच आणि सगळे १९२.१६८.१ ह्या एकाच पत्त्यांच्या रेंजमध्ये. नेट स्लो झालं की सॉफ्टवेअरवाले म्हणायचे सबनेट करा (म्हणजे नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडा), डिझाइनवाले म्हणायचे प्लॅन वाढवा, आणि भाडं आमच्या नावावर असल्यामुळे निर्णय शेवटी माझ्या गळ्यात. आधी एकाने न बघताच भलंमोठं फायरवॉलचं कोटेशन पाठवलं होतं, सबनेट केलं की स्पीड डबल होईल म्हणे. मग ह्या नेटवर्कचं काम करणाऱ्यांना बोलावलं.

ह्यांचं आवडलं ते हे की त्यांच्याकडच्या दादांनी आल्यावर काही विकायला काढलं नाही. राऊटरमध्ये जाऊन डीएचसीपीची लिस्ट (राऊटरने कोणाला कुठला आयपी पत्ता दिलाय ती) उघडली, मोबाईल कॅमेरे धरून शंभरच्या आतच डिव्हाइस, आणि आमच्या /२४ आकाराच्या रेंजमध्ये २५४ बसतात. सरळ म्हणाले, "मॅडम, आयपी संपत नाहीयेत, एवढ्याशा ब्रॉडकास्टने (सगळ्यांना एकदम जाणाऱ्या निरोपांनी) स्विच दमत पण नाही, स्पीडसाठी सबनेट करत असाल तर पैसे वाचवा." स्लोचं कारण भलतंच निघालं. मेन केबलचं क्रिम्पिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) खराब, गिगाबिट स्पीडला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, आमच्या दोनच धड चालत होत्या म्हणून लिंक १०० एमबीपीएसवर अडकलेली. वर वायफायचा एपी (सिग्नल देणारा डबा) लोखंडी कपाटाच्या मागे. केबलचं टोक नवीन मारलं, एपी बाहेर काढला, २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल १, ६, ११ असे वाटून दिले आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपल्या.

मग सबनेट कशाला केलं? तर त्यांनी डिझाइनवाल्यांच्या लॅपटॉपवर नेटवर्क फोल्डर उघडून दाखवला आणि त्यात आमच्या दोन पीसींची नावं दिसत होती, एकाचं शेअर तर बिनपासवर्डचं. क्लायंटची रिटर्न्स, पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं त्यात! २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आल्यापासून आमचे सर तसेही धास्तावलेले, त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. तर मुद्दा स्पीडचा नव्हताच, कोणी कोणाला बघावं याचा होता, आणि हे आम्हाला इतक्या महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, नुसते वेगवेगळे आयपी रेंज देऊन नाही का भागणार, नवीन स्विच कशाला? तर म्हणाले ते एकाच खोलीत खडूने रेघ मारल्यासारखं आहे, कोणीही हाताने आयपी बदलला की पलीकडे, आणि ब्रॉडकास्ट तर सगळ्यांना जातंच. वेगळं करायचं तर व्हीलॅन पाहिजे, म्हणजे एकाच स्विचमध्ये आतून वेगळी केलेली नेटवर्क, आणि त्यासाठी सेटिंग करता येणारा मॅनेज्ड स्विच पाहिजे. पटलं, घेतला. मजुरी स्विचच्या किमतीच्या निम्म्याहून कमी, जीएसटी बिल व्यवस्थित.

मांडणी साधी ठेवलीय. तीन ऑफिसांना तीन व्हीलॅन, गेस्ट वायफायला एक, प्रिंटर-कॅमेऱ्यांना एक. पत्ते १०.२०.१०.०/२४, १०.२०.२०.०/२४ असे, तिसरा आकडा म्हणजेच व्हीलॅन नंबर, त्यामुळे आयपी वाचला की कोणाचं मशीन ते मला पण कळतं. १९२.१६८.१ मुद्दाम सोडलं, कारण बऱ्याच घरच्या राऊटरला तीच रेंज असते आणि घरून व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं की दोन्हीकडे सेम पत्ते येऊन गोंधळ होतो. सॉफ्टवेअरवाल्यांपैकी एकाला /२७, /२८ असे बारीक तुकडे पाडायचे होते, दादा म्हणाले १०.० च्या खासगी रेंजमध्ये दीड कोटीच्या वर पत्ते आहेत आणि फुकट आहेत, कंजुषी कशासाठी? अजून एक म्हणजे आमच्यातच अकाउंट्स आणि आर्टिकल्स (शिकाऊ सीए) वेगळे करायला त्यांनी नकार दिला, टॅलीचा डेटा सगळ्यांना लागतो, भिंत बांधून मग तिला भोकं पाडत बसायचं नाही म्हणाले.

आता स्टार का कापला ते. प्रिंटर तिघांचा कॉमन आहे. वेगळ्या सबनेटमध्ये गेल्यावर तो आपोआप दिसायचा बंद झाला (ते शोधणं सबनेटच्या बाहेर जातच नाही म्हणे), तर प्रत्येक पीसीवर आयपी टाकून जोडला आणि डिझाइनवाल्यांच्या मॅकसाठी राऊटरवर एमडीएनएस रिपीटर (शोधायचे ते निरोप पलीकडे पोचवणारा) चालू केला, इथपर्यंत ठीक. पण रूल असा लावला की सगळे प्रिंटरकडे जाऊ शकतात, प्रिंटर स्वतःहून कोणाकडे नाही. सुरक्षेला बरोबर, पण स्कॅन केलेली फाइल प्रिंटरच पीसीच्या फोल्डरमध्ये टाकतो ना! सोमवारी सकाळी स्कॅनिंग ठप्प, ऑडिटचा सीझन, सरांचा चेहरा बघण्यासारखा. फोनवरून संध्याकाळपर्यंत एकाच पीसीपुरता पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचा रस्ता) उघडून दिला, पण स्कॅन करता का हे आधी विचारायला काय झालं होतं? बायोमेट्रिक मशीनचा जुना फिक्स आयपी बदलायचा पण राहिलेला, तो मीच त्याच्या बटणांवरून टाकला.

बाकी समाधानी. मागे कोणीतरी घरचा राऊटर आणून स्विचला लावला होता आणि अख्ख्या गाळ्याला चुकीचे आयपी वाटले गेले होते, आता तसं झालं तर त्या एकाच ऑफिसात होईल, आणि डीएचसीपी स्नूपिंग (परक्या राऊटरला आयपी वाटू न देणं) चालू केल्यामुळे बहुधा तिथेही नाही. लाईन मात्र अजून एकच आहे, सॉफ्टवेअरवाल्यांचं मोठं डाउनलोड लागलं की आम्हाला जाणवतंच, फक्त आता व्हीलॅनप्रमाणे लिमिट लावता येते, ती लावून घेतली. ॲडमिन पासवर्ड आमच्या हातात दिला आणि कुठला पोर्ट कोणाचा याचा कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवला, हे किती जण करतात?

एकच कंपनी आणि पंधरा-वीस माणसं असतील तर आधी केबल तपासून घ्या, बहुतेक सबनेटची गरजच निघणार नाही. बोलवणार असाल तर रविवार मागा, काम चालू असताना नेट बंद राहतं. आणि प्रिंटर, स्कॅनर, पंचिंग मशीन, कॅमेरे, कोण कोणाला फाइल पाठवतं ते सगळं कागदावर लिहून द्या, ते स्वतःहून विचारत नाहीत.