पिको बोर्ड, टायनीयूएसबीची उदाहरणे आणि 60 रुपयांची केबल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या लेथवरच्या माणसाला तेलकट हात कीबोर्डला न लावता, पायाने पेडल दाबून तयार नगांची नोंद संगणकात करता यावी, एवढ्यासाठी मी आठ महिन्यांपूर्वी रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला. बोर्डाची माहिती सर्वांना आहेच. येथे लिहीत आहे ते त्यावर चालवलेल्या टायनीयूएसबीच्या, म्हणजे बोर्डाला यूएसबी उपकरण बनवणाऱ्या कोड-लायब्ररीच्या, तयार उदाहरणांविषयी, आणि पहिल्याच महिन्यात लिहिले असते तर पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो असतो.

सीडीसी-एमएससी हे पहिले उदाहरण कारखान्यात, मोबाइलच्या केबलने चढवले. बोर्डावरचे बूटसेल बटण दाबून धरून बोर्ड जोडला, दिसलेल्या ड्राइव्हवर उदाहरणाच्या प्रोग्रामची यूएफ2 फाइल टाकली आणि लगेच एक सिरियल पोर्ट व अवघ्या 8 केबीची डिस्क संगणकावर आली. घरी मात्र लक्ष्मीपुरीतून 60 रुपयांना आणलेल्या नव्या केबलने तोच बोर्ड जोडला, तर दिवा लुकलुके आणि संगणकावर काहीच दिसेना. चार संध्याकाळी मी घरच्या संगणकाला बोल लावण्यात घालवल्या आणि विंडोज पुन्हा बसवण्याच्या बेतापर्यंत आलो.

बोर्ड मात्र पहिल्या मिनिटापासून खरे ते सांगत होता. या उदाहरणांत दिव्याची उघडझाप 250 मिलिसेकंदांनी होत असेल तर जोडणी झालेली नाही, 1000 ने होत असेल तर संगणकाने उपकरण स्वीकारले आहे आणि 2500 ने होत असेल तर ते निलंबित (सस्पेंड) आहे, असा अर्थ कोडच्या मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. तो न वाचल्यामुळे ती घाईची लुकलुक मला बोर्डाच्या उत्साहाची वाटली. शेवटी केबल कापली, तेव्हा आत लाल आणि काळी अशा दोनच तारा निघाल्या. माहिती वाहून नेणारी हिरवी-पांढरी जोडी नव्हतीच. दुकानदार म्हणाला, "तुम्ही केबल मागितलासा, डेटाचं कुठं म्हणालासा?" कापलेली केबल परत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तेथून मत बदलू लागले. पेडलसाठी एचआयडी-कंपोझिट हे, बोर्डाला कीबोर्ड, माऊस वगैरे एकत्र बनवणारे उदाहरण घेतले. त्यात एकदा बटण दाबले की इंग्रजी 'ए' (a) ही कळ, माऊसची किंचित हालचाल आणि आवाज कमी करण्याची आज्ञा एकामागोमाग जातात. माझ्या पडद्यावर मात्र 'ए'ऐवजी ओकाराची निराधार मात्रा उमटली, कारण संगणक इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीवर होता. यूएसबी कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळेची जागा पाठवतो, हे मला त्या 'ो'ने शिकवले. आता पेडल फक्त एंटर पाठवते. त्याला भाषा नाही.

यानंतरच्या दोन चुका सर्वस्वी माझ्या. पेडलचे थरथरणे (एका दाबाची अनेकदा नोंद होणे) थांबावे म्हणून मी प्रोग्रामच्या मुख्य लूपमध्ये अर्ध्या सेकंदाचा स्लीप, म्हणजे थांबा, घातला आणि विंडोजने बोर्ड ओळखणेच सोडले. टायनीयूएसबीचे टीयूडी-टास्क हे फंक्शन सतत बोलावले गेले नाही, तर संगणकाच्या प्रश्नांना वेळेत उत्तर जात नाही. म्हणूनच उदाहरणांत कोठेही थांबून न राहता मिलिसेकंद मोजून काम केलेले आहे. दुसरी चूक म्हणजे, उदाहरणातला प्रॉडक्ट आयडी (उपकरणाचा ओळख-क्रमांक) सिरियल, डिस्क, कीबोर्ड अशा इंटरफेसच्या जुळणीप्रमाणे आपोआप बदलतो, तो मी 'नीटनेटकेपणा' म्हणून एकच कायम केला. मग सीडीसीच्या (सिरियल पोर्टच्या) जागी कीबोर्ड आला तरी विंडोज जुनीच ओळख धरून बसले.

आज चार तारे. एक राखून ठेवला, कारण केबलविषयीची सूचना पहिल्याच ओळीत ठळक हवी होती. ती 60 रुपयांची केबलही वाया गेलेली नाही: पेडलच्या स्विचपासून बोर्डापर्यंत दोनच तारा लागतात, आणि त्या लाल-काळ्या तारा सध्या लेथखाली तेच काम करत आहेत.