मागच्या स्ट्रटचे माउंटिंग झिजले असता: फक्त माउंटिंग, सोबत शॉकअप, की संपूर्ण तयार स्ट्रट?

जुन्या गाडीच्या मागच्या भागातून लहान खड्ड्यांवर, विशेषतः कमी वेगात, कोरडा ठकठक आवाज येऊ लागला आणि तपासणीत स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि धक्के शमवणारा शॉकअप यांच्या एकत्र जोडणीच्या, वरच्या टोकाचे माउंटिंग झिजल्याचे निघाले, की मालकापुढे साधारणपणे तीन पर्याय येतात. पहिला, स्प्रिंग आणि शॉकअप तेच ठेवून केवळ माउंटिंग बदलणे. दुसरा, माउंटिंगबरोबर शॉकअप, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना धक्का झेलणारा मऊ तुकडा) आणि धूळरोधक कव्हरही नवे घालणे. तिसरा, स्प्रिंगसह कारखान्यातून जोडून आलेला संपूर्ण स्ट्रट बसवणे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. हा निर्णय माउंटिंगच्या स्थितीवरून नव्हे, तर शॉकअपच्या स्थितीवरून घ्यावा, कारण माउंटिंग हा तुलनेने स्वस्त भाग आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मेहनत पहिल्या दोन्ही पर्यायांत जवळजवळ तेवढीच पडते.

त्याआधी आपल्या गाडीची मागची रचना कोणती आहे, हे पाहणे आवश्यक आहे. स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असेल, तर ती दाबून धरल्याशिवाय माउंटिंग सुटत नाही. परंतु अनेक लहान गाड्यांमध्ये मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळ सहन करणारी आडवी तुळई) असतो, स्प्रिंग स्वतंत्र जागी बसते आणि शॉकअप वेगळा उभा असतो. अशा गाडीत बीमला खालून आधार देऊन शॉकअप सोडवला की वरचे रबर किंवा माउंटिंग हाती येते आणि स्प्रिंगला दाबावे लागत नाही. तेथे तिसरा पर्याय उद्भवतच नाही आणि पहिल्या दोहोंतील निवडही कमी खर्चाची होते. पुढील विवेचन प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या स्ट्रटविषयी आहे.

माउंटिंग म्हणजे धातूच्या तबकडीला घट्ट चिकटवलेले जाड रबर. शॉकअपच्या रॉडचे वरचे टोक त्यातून गाडीच्या बॉडीला जोडले जाते आणि रस्त्याची बारीक थरथर ते रबर शोषून घेते. पुढच्या चाकांना वळावे लागते म्हणून तेथील माउंटिंगमध्ये बेअरिंग असते; मागची चाके स्टिअरिंगने वळत नसल्यामुळे मागच्या माउंटिंगमध्ये ते सहसा नसते. त्यामुळे मागचे माउंटिंग खराब होते ते मुख्यतः दोन प्रकारे: वय आणि हवामानामुळे रबर कडक होऊन त्याला चिरा जातात, किंवा रबर आणि धातू यांची पकड सुटते. पकड सुटली की रॉडला मोकळी जागा मिळते आणि प्रत्येक लहान धक्क्यावर धातू धातूवर आपटतो.

दोष खरोखर तेथेच आहे, याची खात्री मात्र पैसे खर्च करण्यापूर्वी करावी. डिकीतील अस्तर बाजूला सारून माउंटिंगच्या वरच्या भागावर हात ठेवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला गाडीचा तो कोपरा वरखाली हलवायला सांगावे. रॉडचे टोक बॉडीच्या तुलनेत सरकताना किंवा आपटताना हाताला जाणवले, तर शंका उरत नाही. असाच आवाज अँटी-रोल बारची (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक, मागच्या आर्मचे बुश (सांध्यातील रबर), तुटलेली स्प्रिंग, एक्झॉस्टचे सैल रबर किंवा अगदी डिकीत मोकळा पडलेला जॅक यांमुळेही येऊ शकतो. हे तपासण्यात जाणारा थोडा वेळ वाया जात नाही, कारण स्ट्रट एकदा उतरवून पुन्हा बसवल्यावरही आवाज तसाच राहिला, तर झालेली मजुरी परत मिळत नाही.

आता पर्यायांकडे येऊ. फक्त माउंटिंग बदलणे हा सुट्या भागांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि एका परिस्थितीत तोच योग्य आहे: शॉकअप अलीकडेच बदललेले असतील आणि त्या वेळी जुनीच माउंटिंग परत वापरली गेली असतील, तेव्हा. ही परिस्थिती वाटते त्याहून अधिक आढळते. नव्या शॉकअपचा प्रतिकार जास्त असल्यामुळे आधीच थकलेल्या रबरावर अधिक ताण येतो, आणि पूर्वी दबून राहिलेला आवाज शॉकअप बदलल्यानंतर ऐकू येऊ लागतो. अशा वेळी मालकाला नवे शॉकअपच सदोष वाटतात, वास्तविक ते चांगले असतात. शॉकअप चांगले असतील, तर ते काढून टाकण्यात काही अर्थ नाही.

परंतु शॉकअप गाडीबरोबर आलेले, म्हणजे माउंटिंगइतकेच जुने असतील, तर पहिल्या पर्यायातील बचत बहुधा तात्पुरती ठरते. स्ट्रट उतरवणे, स्प्रिंग दाबणे, वरचा नट सोडवणे आणि सर्व पुन्हा जोडणे, हे काम माउंटिंगसाठी एकदा केले आणि पुढे शॉकअपसाठी पुन्हा करावे लागले, की मजुरी दुप्पट होते. सैल माउंटिंगमुळे रॉड तिरका हलत राहतो आणि शॉकअपच्या सीलवर (आतले तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर) एका बाजूने भार पडतो, हेही लक्षात घ्यावे. म्हणून स्ट्रट हातात असतानाच शॉकअप पारखून घ्यावा. बाहेरून तेलाचा हलकासा ओलसरपणा असणे हा दोष नव्हे; ओघळलेले तेल मात्र दोषच आहे. स्प्रिंग काढल्यावर रॉड हाताने दाबून आणि ओढून पाहावा: संपूर्ण प्रवासात प्रतिकार एकसारखा लागला पाहिजे. मध्येच रॉड रिकामा सरकला, अडखळला किंवा त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर गंजाचे खड्डे दिसले, तर तो परत बसवू नये. टायरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसत असेल, तर तीही शॉकअप थकल्याची खूण असू शकते.

यामुळेच बहुतेक जुन्या गाड्यांसाठी मी दुसरा पर्याय सुचवीन. सुट्या भागांचा खर्च वाढतो, पण मजुरी जवळजवळ तेवढीच राहते आणि मूळ स्प्रिंग टिकून राहिल्यामुळे गाडीची उंची व बसण्याची पद्धत बदलत नाही. बंप स्टॉप आणि धूळरोधक कव्हर हे भाग याच वेळी बदलावेत. जुना बंप स्टॉप हातात घेतल्यावर चुरा होऊन पडतो, हे वारंवार दिसते. आणि कव्हर फाटलेले असेल, तर धूळ थेट रॉडवर बसून नव्या सीललाही खाते. स्प्रिंगच्या टोकाखालचे रबर झिजले असेल, तर तेही बदलावे, अन्यथा नव्या माउंटिंगनंतरही आवाजाचा एक स्रोत मागे राहतो.

तिसऱ्या पर्यायाचा मोठा फायदा सुरक्षिततेचा आहे: जोडून आलेला स्ट्रट जसाच्या तसा बसवायचा असल्यामुळे स्प्रिंग दाबण्याचा प्रसंगच येत नाही. स्प्रिंग तुटलेली किंवा गंजून पातळ झालेली असेल, तर हा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा. त्याची उणीव अशी की सर्व भागांचा दर्जा एकाच उत्पादकावर सोपवावा लागतो, आणि स्प्रिंगचा ताठपणा किंवा लांबी मूळ स्प्रिंगशी तंतोतंत जुळेलच असे नाही. मग गाडी मागून किंचित उंच किंवा जास्त कडक वाटते. मूळ स्प्रिंग निर्दोष असताना केवळ सोयीसाठी ती टाकून देणे मला पटत नाही. तिन्हींपैकी कोणताही मार्ग निवडला, तरी काम दोन्ही बाजूंना एकाच वेळी करावे, कारण दोन्ही रबरांचे वय सारखेच असते आणि एका बाजूला नवा व दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असलेली गाडी दोन्ही अंगांनी सारखी वागत नाही.

माउंटिंग कोणत्या दर्जाचे घ्यावे, याबाबत निवड सोपी आहे. गाडीच्या उत्पादकाचे किंवा त्याला भाग पुरवणाऱ्या कंपनीचे रबरी माउंटिंग घ्यावे. फार स्वस्त माउंटिंगमध्ये रबर आणि धातूची पकड हीच कच्ची बाजू असते, आणि जुने माउंटिंग बहुधा तेथेच निकामी झालेले असते. पॉलियुरेथेनचे माउंटिंग जास्त टिकते, पण रस्त्याची थरथर आणि आवाज आत पोहोचू देते. रोजच्या वापराच्या गाडीत ते घेण्याचे कारण नाही. जुन्या मॉडेलचे माउंटिंग वर्षानुवर्षे फळीवर पडून राहिलेले असू शकते, म्हणून पाकिटावर उत्पादनाची तारीख छापलेली असेल तर ती पाहावी आणि रबरावर बारीक चिरा नाहीत ना, हे तपासावे.

हे काम घरी करावे की गॅरेजमध्ये, हा प्रश्न पहिल्या दोन पर्यायांत खरोखर महत्त्वाचा आहे. स्ट्रटवरील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि तिच्यात जीवघेणी ताकद साठलेली असते. गाडीवर असो वा बाकावर, स्प्रिंग कम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने) दाबून तिचा भार माउंटिंगवरून उतरल्याची खात्री झाल्याशिवाय रॉडच्या टोकावरील मधला नट कधीही सोडवू नये. बॉडीला जोडणारे बाजूचे नट आणि हा मधला नट यांत गल्लत होता कामा नये. चांगला कम्प्रेसर आणि त्याचा सराव नसेल, तर एक मधला मार्ग आहे: स्ट्रट स्वतः उतरवून केवळ माउंटिंग बदलण्यासाठी तो गॅरेजमध्ये न्यावा. गाडी केवळ जॅकवर ठेवून नव्हे, तर मजबूत स्टँडवर टेकवूनच काम करावे, आणि स्ट्रटला अडकवलेली ब्रेकची नळी व सेन्सरची वायर आधी मोकळी करावी, म्हणजे स्ट्रट खाली येताना त्यांवर ताण पडत नाही.

काम कोणीही केले, तरी काही गोष्टी आग्रहाने पाहाव्यात. रॉड फिरू नये म्हणून तो पकडीने आवळून धरणाऱ्या मेकॅनिकला तेथेच थांबवावे, कारण रॉडवर पडलेला एक ओरखडा नव्या शॉकअपचे सील फाडण्यास पुरेसा असतो. रॉडच्या टोकाला त्यासाठीच खाच किंवा षटकोनी छिद्र दिलेले असते. स्वतः घट्ट राहणारे नट पुन्हा वापरू नयेत आणि सर्व नट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंतच आवळावेत. रबरी बुशमधून जाणारे खालचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावेत, अन्यथा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. स्ट्रटचे खालचे बोल्ट चाकाच्या हबजवळ बसत असतील, तर ते हलवल्याने मागच्या चाकांचे कोन बदलू शकतात, म्हणून अलाइनमेंट तपासून घेण्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजातच धरावा.