अजिनोमोटो आणि सल्फाइट: त्रासाचा पुरावा कुणाविरुद्ध?
चायनीज खाल्लं की डोकं धरतं, असं सांगणारं कुणीतरी घरोघरी असतं. दोष जातो अजिनोमोटोला, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटला. हा संशय १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून पसरला. पुढे २००० साली, आपल्याला याचा त्रास होतो असं सांगणाऱ्या १३० जणांची चाचणी झाली. काय दिलंय ते कळू न देता कधी ५ ग्रॅम ग्लुटामेट, कधी त्याशिवायचं पेय. पुन्हा पुन्हा तपासल्यावर तोच त्रास टिकला नाही.

सल्फाइटचं, म्हणजे खाणं टिकवायला वापरतात त्या गंधकाच्या रसायनांचं, तसं नाही. दमा असलेल्यांपैकी साधारण शंभरात ३ ते १० जणांच्या श्वासनलिका त्याने आवळतात. अमेरिकेत काहींचा जीव गेला, तेव्हा १९८६ मध्ये कच्च्या खायच्या फळांवर आणि भाज्यांवर त्याचा वापर बंद झाला. जर्दाळू हातात घेऊन बघा: केशरी, तुकतुकीत असेल तर बहुधा सल्फर डायऑक्साइड (याच गटातला) दिलेला, न दिलेला काळपट तपकिरी, दिसायला अगदीच गरीब. घरात दम्याचं माणूस असेल तर पाकिटावरचे २२० ते २२८ हे सल्फाइटचे आकडे शोधाच. ६२१, म्हणजे अजिनोमोटो, दिसल्यावर मात्र एवढं घाबरणं मला पटत नाही.