घोडी आणि शिंगराच्या छोट्या प्रतिकृती: श्लाइश, कलेक्टा की ब्रेयर?

पागेत नुकतंच जन्मलेलं शिंगरू एकदा नीट पाहिलं की दुकानातली बरीचशी शिंगरं खोटी वाटायला लागतात. मोठा घोडाच आक्रसून लहान केलेला असतो, आणि त्याला शिंगरू म्हणायचं! खऱ्या शिंगराची ठेवणच वेगळी. जन्मतः त्याचे पाय मोठेपणीच्या लांबीच्या 80 ते 90 टक्के असतात, खांद्यापाशी उंची मोठ्या घोड्याच्या साठ टक्क्यांच्या वर, आणि वजन मात्र आईच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. छाती अरुंद, गुडघे फुगीर, कपाळ पुढे आलेलं, आयाळ आखूड आणि ताठ, शेपूट म्हणजे कुरळ्या लोकरीचा गोंडा. पायांच्या मानाने मान इतकी आखूड, की जमिनीवरच्या गवताला तोंड लावायचं तर पुढचे दोन्ही पाय फाकवावे लागतात. म्हणून घोड्यांचा संग्रह सुरू करणाऱ्याला माझा सल्ला असा, की कंपनी पारखायची तर तिचं शिंगरू पाहा. रुबाबदार घोडा बऱ्याच जणांना जमतो.

पण कंपनीच्याही आधी माप ठरवा, कारण नवखे लोक चुकतात ते इथेच. खांद्यापाशी 160 सें.मी. उंच घोडी आणि 100 सें.मी. उंच शिंगरू धरू. 1:9 मापात, म्हणजे खऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढी केली, तर घोडी सुमारे 18 सें.मी. होते आणि शिंगरू 11. 1:12 मध्ये 13 आणि 8. 1:20 मध्ये 8 आणि 5. 1:32 मध्ये घोडी 5 आणि शिंगरू जेमतेम 3 सें.मी. हे आकडे शेजारी ठेवले की घोळ लक्षात येतो: 1:12 चं शिंगरू 1:20 च्या घोडीएवढंच असतं आणि 1:20 चं शिंगरू 1:32 च्या घोडीच्या खांद्याला खांदा लावतं. दोन मापांतली जोडी शेल्फवर ठेवलीत तर मायलेकरं कधीच दिसणार नाहीत. दूध पिणाऱ्या पवित्र्यातलं शिंगरू असेल तर ही विसंगती आणखी डोळ्यांवर येते, कारण त्याचं तोंड आईच्या कासेपर्यंत पोचायला हवं.

श्लाइश ही जर्मन कंपनी, 1935 सालची. तिचे घोडे साधारण 1:20 ते 1:24 या टप्प्यात येतात, पण माप काटेकोर पाळलेलं नसतं. पीव्हीसीचे असल्यामुळे थोडे लवचीक, हातात भरीव लागतात, पडले तरी सहसा तुटत नाहीत. पागा, कुंपण, माणसं, गवताचे भारे असा सगळा पसारा त्याच मेळात मिळतो, आणि जमिनीवर बसून खेळणाऱ्या मुलाला तोच हवा असतो. शिंगरांबाबत मात्र मला ही कंपनी थोडी लाडिक वाटते. चेहरे गोड असतात, पायही पुष्कळदा जाडसर ठेवलेले. खेळणं म्हणून ते योग्यच आहे, बारीक पाय मुलांच्या हातात टिकायचे नाहीत. शिंगराची खरी ठेवण हवी असेल तर मात्र मन भरत नाही.

तेच माप, तोच पीव्हीसी, पण ठेवण अधिक खरी हवी, तर कलेक्टा बघा. नेहमीचे घोडे 1:20 च्या आसपास, आणि डीलक्स मालिका 1:12 मध्ये. वेगवेगळ्या जातींतला फरक इथे शरीरातही दिसतो, नुसत्या रंगात नाही. दोष सांगायचा तर रंगकाम नगागणिक बदलतं, त्यामुळे शक्य असेल तर डोळे आणि नाकपुड्या पाहून हाताने निवडून घ्यावा. फ्रान्सची पापो आणि अमेरिकेतली सफारी यांचेही घोडे मिळतात. संग्रहाचा कणा त्यांच्यावर उभा करावा असं मला वाटत नाही. एखादा नग आवडला तर घ्यावा, एवढंच.

ब्रेयरची गोष्ट निराळी. या अमेरिकी कंपनीचा घोडा 1950 मध्ये आला तो एका शोभेच्या घड्याळासाठी. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला आणि धंद्याची दिशाच बदलली. ब्रेयरमध्ये मापांची नावं ठरलेली आहेत: ट्रॅडिशनल 1:9, क्लासिक्स 1:12, स्टेबलमेट्स 1:32. ट्रॅडिशनल घोडे कडक प्लास्टिकचे, म्हणजे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे, आतून पोकळ आणि हाताने रंगवलेले. स्नायू, शिरा, खुरांवरच्या रेषा या मापात दाखवता येतात. शिंगरू 11 सें.मी.चं असल्यामुळे लांब पाय, फुगीर गुडघे हे सगळं दाखवायला कारागिराला जागाही मिळते. पण हे मुलाच्या हातात देऊ नका. पडला की कान किंवा पाय गेलाच, आणि पांढरा घोडा कालांतराने पिवळा पडू शकतो. घर लहान असेल तर जागेचाही प्रश्न येतो. अशा वेळी स्टेबलमेट्स घ्यावेत. एका फळीवर अख्खी पागा मावते, आणि 1:32 हे खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचंही रूढ माप असल्यामुळे शेत मांडायला सोपं जातं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर ही 3 सें.मी.ची शिंगरं त्याच्या हाताबाहेर ठेवा.

दोन परीक्षा कुठल्याही कंपनीला लावता येतात. पहिली रंगाची. वयाबरोबर पांढरी होत गेलेली घोडी असेल, तर तिचं शिंगरू जन्मतः सहसा गडद असतं, मग पुढे तेही वर्षावर्षाने पांढरं होऊ शकतं. म्हणून अशी पांढरी आई आणि शेजारी कालचं पांढरंशुभ्र बाळ ही जोडी सुंदर दिसली तरी बहुधा खोटी. दुसरी पवित्र्याची. नवजात शिंगरं दिवसाचा पुष्कळ वेळ आडवी होऊन झोपतात, पण चौखूर उधळणारी प्रतिकृती जास्त खपत असावी, कारण बनतात त्याच अधिक. झोपलेलं किंवा बसलेलं शिंगरू दिसलं तर घेऊन टाका. ते सारखं पडतही नाही.

काहींना प्रश्न पडतो, की प्रतिकृती घ्यायच्या की तोच वेळ आणि पैसा खऱ्या पागेच्या भेटींवर घालवायचा. पागेतला आनंद वेगळाच आहे, पण तो तुमच्या सोयीने मिळत नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुधा रात्रीच विते. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं, तीन तासांत घोडीची वार (गर्भाभोवतीचं वेष्टन) पडावी, असा पशुवैद्यांचा ढोबळ हिशोब असतो, आणि पहिल्या दिवसातला चीक त्याच्यासाठी जीवनमरणाचा. अशा वेळी तिथे पाहुणे नकोतच. पुढचे काही दिवसही आई सावध असते, तेव्हा घोडे सांभाळणारा मोतद्दार सांगेल तेवढं अंतर ठेवून बघायचं. चार-सहा महिन्यांत शिंगरू आईपासून तोडतात, तोवर त्याचा तो बाळरूपाचा आकार गेलेलाही असतो. संग्रह करायचा ठरवला असेल तरी एक भेट मात्र नक्की द्या, आणि आई-बाळ शेजारी उभी असताना बाजूने फोटो काढा. खरेदीच्या वेळी तोच फोटो कामी येतो.

माझी निवड सांगतो. खेळणारं मूल असेल तर श्लाइश, मूल थोडं मोठं आणि चिकित्सक असेल तर कलेक्टा. शेल्फवर ठेवायला प्रौढ माणसाने ब्रेयर क्लासिक्सपासून सुरुवात करावी. घोडा, घोडी आणि शिंगरू असे एकाच मापाचे संच त्यात निघत आले आहेत. ट्रॅडिशनल नंतर, जागा आणि हौस दोन्ही टिकली तर. जुना माल घेताना कानांची टोकं आणि खुरांच्या कडा आधी बघा, रंग तिथेच पहिला उडतो. पीव्हीसीचा पाय वाकून घोडा झुकत असेल तर घाबरू नका. गरम पाण्यात थोडा वेळ धरून पाय सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचा. सेल्युलोज अ‍ॅसिटेटवर मात्र हा प्रयोग करू नका.