मणक्याचं बर्स्ट फ्रॅक्चर: ऑपरेशन की ब्रेस? वीस वर्षांनी काय दिसतं

उंचावरून पडल्यावर किंवा अपघातात बहुतेक वेळा डी-१२ किंवा एल-१ (छातीचा शेवटचा किंवा कंबरेचा पहिला) हा मणका फुटतो आणि त्याचा मागचा तुकडा मज्जारज्जूच्या पोकळीत सरकतो. सीटी स्कॅनमधला तो तुकडा पाहून घरचे घाबरतात आणि ऑपरेशनला होकार देतात. पण निर्णय तुकड्यावरून होत नाही. पायांतली ताकद, लघवी-शौचावरचा ताबा आणि मागचे अस्थिबंध (मणके एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या) शाबूत आहेत का, यावरून तो होतो. नसांवर दाब येऊन अर्धवट लकवा (थोडी ताकद शिल्लक) असेल, किंवा एमआरआयमध्ये मागचे अस्थिबंध फाटलेले दिसले, तर बहुधा ऑपरेशनच. खालची तुलना हे सगळं शाबूत असलेल्यांसाठी आहे.

अशा ४७ रुग्णांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची ऑपरेशन आणि ब्रेस (धडाला बाहेरून आधार देणारा पट्टा) किंवा प्लास्टर अशा दोन गटांत वाटणी केली होती. यांपैकी ३७ जणांची १६ ते २२ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पाठीचा बाक ऑपरेशनवाल्यांत सरासरी १३ अंश, ब्रेस किंवा प्लास्टरवाल्यांत १९ अंश. म्हणजे एक्स-रे ऑपरेशनचा चांगला. दुखणं मात्र ऑपरेशन न केलेल्यांचं कमी आणि रोजची कामंही त्यांना जास्त सोपी जात होती. संख्या लहान आहे, शिवाय तेव्हाच्या ऑपरेशनमध्ये हाडं जोडून मणके कायमचे एकसंध केले जात, म्हणजे फ्यूजन. आज अनेकदा त्वचेतल्या छोट्या छेदांतून, फ्यूजन न करता स्क्रू बसवतात. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासाचा कौल उलट, ऑपरेशनच्या बाजूने होता. तरी बाक आणि वेदना यांचं गणित सरळ नाही, हे आम्ही ठामपणे सांगू.

ऑपरेशनचा खरा फायदा सुरुवातीच्या काही आठवड्यांत मिळतो: लवकर उठता येतं, ब्रेसचा जाच टळतो. किंमत पुढे मोजावी लागते. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं, फ्यूजन केलं असेल तर शेजारच्या सांध्यांवर ताण. फक्त वरच्या आणि खालच्या मणक्यात मिळून चार स्क्रू घातले आणि फुटलेल्या मणक्याचा पुढचा भाग पोकळ राहिला, तर सगळा भार धातूवर येतो. स्क्रू वाकतो किंवा तुटतो आणि मिळवलेली सरळ रेष हातची जाते. म्हणून फुटलेल्या मणक्यातही स्क्रू घालणार का, पुढून आधार लागेल का, हे आधीच विचारा. फ्यूजन नसेल तर धातू साधारण वर्षभराने काढायचा असतो का, हेही विचारा. काढल्यावर दोन मणक्यांमधल्या चकतीच्या जागेतून थोडा बाक परत येतो.

ऑपरेशन टाळलं तर पोकळीतला तुकडा पुढच्या महिन्यांत बऱ्याच अंशी विरघळत जातो. ब्रेस साधारण १० ते १२ आठवडे लावतात. २०१४ च्या एका अभ्यासात तर ब्रेसशिवाय लवकर चालवलेल्यांचेही निकाल तितकेच चांगले आले. मात्र पहिला एक्स-रे उभं राहून हवा, कारण झोपून काढलेल्यात बाक लपतो. उभ्या एक्स-रेत बाक बराच वाढलेला दिसला, किंवा दुखण्यामुळे उभंच राहता येत नसेल, तर ऑपरेशनचा विचार पुन्हा करायचा. आणि पायात नवी कमजोरी, गुदद्वाराभोवती बधिरपणा किंवा लघवी अडणं यांपैकी काहीही झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठायचं.