पाच हजारांचा गेम पंधराशेत: मडगावात झालेली फसवणूक

प्लेस्टेशनचा, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचा, गेम कोणी निम्म्याहून कमी पैशांत 'डिजिटल' (डिस्कशिवाय, नेटवरून उतरवायचा) म्हणून देऊ करत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा: हा गेम माझ्या अकाउंटवर येणार की तुमच्या? समोरचा जरा घुटमळला, किंवा हसून 'तेच ते, पात्रांव' म्हणाला, की पैसे खिशातून काढू नका. माझ्या डिचोलीच्या ताईला हा प्रश्न कोणी सांगितला नव्हता. दुकानदाराने तर तो मुद्दामच विचारू दिला नाही, असे मी म्हणेन.

झाले असे. भाच्याला दहावीत चांगले गुण मिळाले आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी प्लेस्टेशन 5 घ्यायचे ठरले. ताई आणि भाचा मडगावच्या एका दुकानात गेले. दुकानाचे नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. दुकानात दोन प्रकारचे कन्सोल, म्हणजे गेमची यंत्रे, होते, एक डिस्क घालायची खाच असलेला आणि एक बिनखाचेचा, म्हणजे डिजिटल एडिशन. भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये हे यंत्र आले तेव्हा डिस्कवाले 49,990 रुपयांना होते आणि डिजिटल 39,990 ला. पुढे दोन्ही वाढून 54,990 आणि 44,990 झाले, पण तेव्हाही मधले अंतर दहा हजारांचेच राहिले. या दहा हजारांवरच त्याने ताईला पकडले. 'डिस्क म्हणजे आता जुनी कॅसेट, बाय. दहा हजार वाचवा, त्यातच पाच गेम मी घालून देतो.'

पाच गेम, प्रत्येकी पंधराशे. त्यातला स्पायडर-मॅन 2 तेव्हा अधिकृत दुकानात 4,999 ला मिळत होता. ताईने हिशेब केला आणि तो चुकीचा नव्हता. पाच डिस्का घ्यायच्या तर कन्सोलच्या अर्ध्या किमतीएवढे पैसे जातात, हे कुणालाही दिसते.

आता त्याने नेमके काय विकले ते नीट सांगतो, कारण असे विकणारे एकट्या मडगावात नाहीत. सोनीच्या प्रत्येक अकाउंटला एका प्लेस्टेशन 5 वर 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' नावाची सोय चालू करता येते. ती चालू असली की त्या अकाउंटवरचे गेम त्या यंत्रावरच्या बाकी सगळ्यांना खेळता येतात. ही सोय आहे घरातल्यांसाठी: बापाने घ्यावा, मुलाने खेळावा. विकणारे तिचा धंदा करतात. एक अकाउंट उघडायचे, त्यावर गेम घ्यायचा, आणि ही सोय तुमच्या यंत्रावर चालू करून तुम्हाला 'प्रायमरी' म्हणून विकायची. त्याच अकाउंटचा पासवर्ड दुसऱ्याला 'सेकंडरी' म्हणून थोडा स्वस्तात द्यायचा. गेमची प्लेस्टेशन 4 ची आवृत्तीही सोबत येत असेल तर तिकडचा प्रायमरी तिसऱ्याला. एका गेमचे पैसे असे तीनदा वसूल होतात, आणि ज्या अकाउंटवर गेम आहे ते राहते विकणाऱ्याच्याच हातात. सोनीच्या नियमांत अकाउंट विकणे बसत नाही, त्यामुळे कंपनीने असे अकाउंट बंद केले तर तुमचे ऐकून घ्यायलाही कोणी नसते.

दुकानातल्या पोराने पाचही गेम तिथेच भरून दिले. दोन ताकीद दिल्या. यंत्रावरचे ते अनोळखी युजर पुसायचे नाहीत, आणि पासवर्डला हात लावायचा नाही. 'बाकी लाइफटाइम!'

बिलाकडे लक्ष द्या. कन्सोलचे बिल छापील, जीएसटीसकट. गेमचे मात्र हाताने लिहिलेले 'लोडिंग चार्जेस', गेमचे नाव कुठेच नाही, आणि ते पैसे दुकानाच्या क्यूआरवर न घेता कुणाच्या तरी खासगी नंबरवर यूपीआयने घेतलेले. तुम्ही दुकानात उभे असाल आणि पैसे असे दोन वाटांनी जाताना दिसले, तर दुसरी वाट कशासाठी आहे हे उघड आहे.

नाताळ झाला, शिमगा आला, सगळे छान चालले होते. भाचा फुटबॉलवेडा आहे. आपली इंडियन सुपर लीग 'फिफा' या फुटबॉलच्या गेम-मालिकेत फिफा 22 पासून आली, म्हणजे एफसी गोवा हा संघ त्यात आहे. हा पठ्ठ्या फिफा 23 मध्ये एफसी गोव्याचा मॅनेजर होऊन एकामागून एक हंगाम खेळत बसला होता. मग एका संध्याकाळी त्याचा मला फोन: 'मामा, गेमावर कुलूप आलंय.'

खरेच कुलूप. चित्राच्या कोपऱ्यात कुलपाचे लहान चिन्ह येते आणि गेम उघडत नाही. पाचातल्या चारांवर ते आले होते. अकाउंटचा मालक सोनीच्या वेबसाइटवरून आपली सगळी यंत्रे एकदम काढून टाकू शकतो, फक्त दर सहा महिन्यांतून एकदाच. ते सहा महिने झाले की तुमची जागा मोकळी करून नव्या गिऱ्हाइकाला विकता येते. हे कुलूप सहा महिने उलटल्यावरच का पडले, याचे उत्तर मला यातच दिसते. दुकानाचे म्हणणे अर्थात वेगळे होते: आधी 'सर्व्हरचा प्रॉब्लेम', मग 'इंटरनेट बंद ठेवून खेळायला सांगा', शेवटी 'रिन्यूअल लागेल, गेममागे पाचशे'. लाइफटाइमचे रिन्यूअल कसे असते ते विचारायला मी तोवर मध्ये पडलो नव्हतो. ताईने दोन गेमचे हजार भरले. मिळाले ते सेकंडरी. म्हणजे त्यांच्या अकाउंटमध्ये लॉगिन करूनच खेळायचे, नेट सतत चालू हवे, आणि तिकडे कोणी शिरले की इकडे हा बाहेर.

खरी गंमत, गंमत कसली, पुढे आहे. मी म्हटले, जाऊ दे, फिफा 23 तरी त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर विकत घेऊन देतो. त्याचे सेव्ह, म्हणजे खेळलेल्या हंगामांची नोंद, त्याच्याच प्रोफाइलमध्ये यंत्रात शाबूत होते. तर तो गेम सोनीच्या ऑनलाइन दुकानात नाहीच! गेम बनवणारी कंपनी ईए आणि फुटबॉल संघटना फिफा यांचा करार संपला, मालिकेचे नाव ईए स्पोर्ट्स एफसी झाले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये फिफा 14 ते 23 हे सगळे गेम डिजिटल दुकानांतून उतरवले गेले. आधी घेतलेल्यांना ते अजून डाउनलोड होतात, नव्याने कुणालाही मिळत नाहीत. म्हापशात एका ओळखीच्या मुलाकडे फिफा 23 ची डिस्क आहे, तो ती चारशेला द्यायला तयार होता. पण घालणार कुठे? यंत्राला खाचच नाही.

इथे दुसरी लबाडी उघडी पडली. नव्या स्लिम मॉडेलच्या डिजिटल यंत्राला डिस्क ड्राइव्ह मागाहून जोडता येतो, जोडताना पहिल्यांदा नेट लागते इतकेच. ताईच्या गळ्यात मारला होता तो पहिला, जाडा डिजिटल एडिशन. त्याला ड्राइव्ह कधीच जोडता येत नाही. स्लिम शेजारच्याच फळीवर होता, असे भाचा सांगतो. जुना माल खपवायचा होता, आणि ज्याच्या यंत्रात डिस्क जात नाही ते गिऱ्हाईक गेमसाठी पुन्हा पुन्हा त्याच्याच दारात येणार होते.

मग डिस्कच घ्यावी का? गोव्यात राहणाऱ्याला माझे उत्तर, बहुतेक वेळा हो. खेळून झाला की डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते, आणि ती यंत्रात असताना दूर बसलेला कुणी तुमच्यावर कुलूप घालत नाही. आपल्याकडे तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) आणि गल्फातली माणसे परदेशातून डिस्का आणतात, त्या चालतातही. फक्त मागाहून नेटवरून विकत घ्यायचा गेमचा जोडभाग डिस्कच्याच प्रदेशाचा लागतो. अमेरिकेतली डिस्क आणि भारतीय अकाउंट असेल तर तो भाग जुळत नाही. जुनी डिस्क घेताना मागची बाजू उजेडात धरून चरे बघा आणि विकणाऱ्याच्या यंत्रावर चालवून मागा. आतल्या कागदावरचा कोड बहुधा आधीच वापरलेला असतो, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

पण डिस्क म्हणजे सोन्याची वीट, असेही समजू नका. 2022 च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर 2 या लढाईच्या गेमच्या प्लेस्टेशन 5 डिस्कवर जेमतेम सत्तर एमबी होते, बाकी सगळा गेम नेटवरून उतरवायचा. डिचोलीच्या आतल्या गावात पावसात नेट कसे चालते ते ठाऊक असणाऱ्याने याचा विचार करावा. द क्रू हा 2014 चा गाड्यांचा गेम तर 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्ट या त्याच्या कंपनीने सर्व्हरच बंद केल्यावर डिस्कवाल्यांसाठीही संपला.

आणि स्वतःच्या अकाउंटवर अधिकृतपणे घेतलेला डिजिटल गेम? तोही मालकीचा नसतो, खेळायचा परवानाच असतो. कॅलिफोर्नियाने तर 1 जानेवारी 2025 पासून कायदाच केला की गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' म्हणून विकायचे नाही. तरी परवाना तुमच्या नावाचा असतो, पावती तुमच्या ईमेलवर येते, आणि डाउनलोड सुरू केला नसेल तर चौदा दिवसांत सोनी पैसेही परत करते. सेलमध्ये किमती पुष्कळ उतरतात. पंधराशेत दुसऱ्याचे अकाउंट घेण्यापेक्षा चार महिने थांबून सेलमध्ये स्वतःचा घ्या. एक्सबॉक्स सीरिज एस या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रवाल्यांनीही हे वाचावे. त्यालाही डिस्कची खाच नाही, आणि 'होम एक्सबॉक्स' च्या सोयीवर हाच धंदा चालतो.

आमच्या प्रकरणाचे सांगतो. मी ताईबरोबर दुकानात गेलो तेव्हा मालक म्हणाला, गेम त्या पोराने खासगीत विकले, दुकानाचा संबंध नाही. पोर नोकरी सोडून गेले होते. खासगी नंबर बंद. मात्र व्हॉट्सॲपवर दुकानाच्याच नंबरवरून आलेला 'रिन्यूअल पाचशे' हा मेसेज ताईने पुसला नव्हता, आणि तो दाखवल्यावर मालकाचा आवाज खाली आला. त्याने तीन हजार देऊन मिटवायचे म्हटले. आम्ही ते घेतले नाहीत.

यूपीआयच्या व्यवहारासाठी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करून सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. हे काम पैसे गेल्या गेल्या करायचे असते, तेव्हाच ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची आशा असते. दुकानाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, त्यामुळे मडगावच्या फेऱ्या वाचल्या. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्जाला आम्ही दोन्ही बिले, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कुलूप दिसणाऱ्या स्क्रीनचे फोटो, यंत्रावरच्या त्या अनोळखी युजरांची नावे आणि व्हॉट्सॲपचे संभाषण जोडले. ते युजर रागाने पुसू नका. तुमच्या यंत्रावर दुसऱ्याचे अकाउंट चढवून पैसे घेतले, याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.