३५ रुपयांचा वायसर आणि अक्कलखाती गेलेले २७,६५०

आधी आकडा सांगून टाकतो, ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. २७,६५० रुपये. होडीच्या बुचातून रात्रभरात दीड डबडं पाणी आत यायचं, ते थांबवायला एवढे मोजले. आणि ते थांबलं नाहीच. एसटीच्या हिशेब खात्यात तीस वर्षं मी लोकांची व्हाउचरं तपासली, चहाच्या बिलावरसुद्धा लाल शेरे मारले. तोच मी वहीच्या फाडलेल्या पानावरच्या बिलाला पैसे देऊन बसलो. घरात अजून हा विषय निघाला की मी उठून अंगणात जातो.

होडी पंधरा फुटी, फायबरची, मागे लहान पेट्रोलचं इंजिन. धंदा नाही. खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा, नातवंडं आली की पलीकडच्या तीरापर्यंत फिरवून आणायची, एवढाच तिचा उपयोग. मागच्या फळीला तळाशी भोक असतं, त्यात पितळेची चकती स्क्रूने बसवलेली आणि चकतीत आट्यांचं बूच. होडी वर ओढली की बूच काढायचं, पाण्यात घालताना आवळायचं. मे महिन्यात सकाळी होडीत पाणी दिसायला लागलं. बूच आणखी आवळलं, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली. दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा दीड डबडं.

जून लागला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, सगळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर झावळ्या पांघरून बसलेल्या. दुरुस्तीच्या नावाखाली गंडवणारी माणसं नेमकी तेव्हाच फिरतात, हे लक्षात ठेवा. मालक रिकामा, होडी कोरडी, आणि गळती थांबली की नाही हे ऑगस्टशिवाय कळायचा मार्ग नाही. तोवर ते दुसऱ्या जिल्ह्यात.

नंबर जेटीजवळच्या भिंतीवर रंगवलेला होता, 'फायबर बोट दुरुस्ती, गॅरंटीसह'. मी काही कुठल्याशा अनोळखी लिंकवर बोट नाही टेकवलं. माणूस समोर आला, गाडीत ग्राइंडर, रेझिनचे डबे, हाताला फायबरची खाज सुटलेली. बोलण्यात प्रत्येक वाक्याला 'काका'. म्हणाला, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बारा वर्षं ट्रॉलरची कामं केलीत. तुम्ही असतात तर तुम्हीही विश्वास ठेवला असतात. नसता ठेवला तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार, मला मान्य आहे.

येण्याचे १,५०० त्याने आधीच घेतले. रुपयाचं नाणं काढून मागच्या फळीवर वाजवत फिरला आणि बुचाजवळ येऊन मान हलवली. "काका, आवाज बद येतोय. आतलं प्लायवूड गेलंय." आता ही परीक्षा खोटी नाही, तीच तर गोम आहे. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं, स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं आणि ठोकल्यावर आवाज बद येतो. हे मला वाचून माहीत होतं. म्हणून तर मी जास्त घाबरलो. अर्धवट ज्ञान असलेलं गिऱ्हाईक त्यांना सगळ्यात आवडत असणार. पण नाणं त्याच्या हातात होतं आणि कान माझे म्हातारे. मी स्वतः वाजवून पाहिलं नाही.

मग तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी हाच क्षण पुन्हा पुन्हा बघतो.

त्याने पितळी चकतीचे स्क्रू सैल केले आणि म्हणाला, "काका, एक्स्टेन्शन बोर्ड आणता का घरातून?" मी गेलो. घर तिथून चाळीस पावलांवर. बोर्ड माळ्यावर होता, बायकोने काहीतरी विचारलं, फार तर चार मिनिटं लागली. परत आलो तर चकती निघालेली आणि त्याच्या तळहातावर प्लायवूडचा कुजलेला तुकडा. काळा पडलेला, थर सुटलेले, नखाने दाबला तर खारकेसारखा मऊ. "बघा. हे तुमच्या होडीतून निघालं." मी तुकडा हातात घेतला, नाकाजवळ नेला, कुजका वास येतो का बघायला. वास आला डिझेलचा.

डिझेलचा! माझं इंजिन पेट्रोलवर चालतं. त्या होडीत जन्मात डिझेलचा थेंब पडलेला नाही. वास नाकात शिरला, मला कळलाही, आणि मी काय म्हणालो? "अरे बापरे." एवढंच. डोक्यात एक विचार येऊन गेला की हातांना लागलं असेल त्याच्या, गाडी डिझेलची असेल. समोरच्याने थाप मारायच्या आधी तिचं स्पष्टीकरण मीच तयार करून दिलं.

तुमच्या डोळ्यांदेखत निघालेला नसेल तो तुकडा तुमचा नाही, मग बोर्ड आणायला देवाने सांगितलं तरी जागेवरून हलू नका.

पुढचा हिशेब: ॲडव्हान्स १२,००० त्याच संध्याकाळी. सामानाचे ९,८५०, यात मरीन प्लाय, रेझिन आणि 'तीनशे सोळा नंबर स्टीलची' नवी चकती. शेवटी ४,३०० कोटिंगचे, जे आधी बोलण्यात कुठेच नव्हतं. येण्याचे धरून २७,६५०. पैसे मोबाईलवरून दिले, समोर कधी एक नाव उमटायचं, कधी दुसरं, एकदा तर बाईचं. विचारलं तर म्हणे मिसेसचं खातं आहे. ॲडव्हान्स गेल्यावर मागे फिरणं किती अवघड असतं ते ज्याचं जातं त्यालाच कळतं. बारा हजार बुडतील म्हणून आणखी चौदा हजार घातले.

काम दोन दिवस चाललं, ताडपत्री लावून. "रेझिनला ओल चालत नाही काका, वाकून बघू नका." चकती बसवताना पांढरं काहीतरी ट्यूबमधून लावलं, त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास होता. तो बाथरूमच्या फटीत भरतात त्या सिलिकॉनचा वास. पाण्याखालच्या जोडाला ते टिकत नाही, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काही धड चिकटतही नाही. तिथे होडीचा पॉलियुरेथेन सीलंट लागतो. दुकानात ट्यूब वाचून घ्या. नुसतं 'मरीन' म्हणालं की झालं असं नाही. जुनी पितळी चकती तो घेऊन गेला, भंगारात तिलाही दर असतो. बूच तेवढं माझ्या अवजारांच्या डब्यात राहिलं.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातली. सकाळी जाऊन बघतो तर फळ्या तरंगतायत. आधी दीड डबडं होतं, आता मोजलीच नाहीत. फोन लावला. पहिल्या दिवशी 'मीटिंगमध्ये', दुसऱ्या दिवशी 'मयतावर आलोय', तिसऱ्या दिवसापासून एक रिंग होऊन कट. बायकोच्या फोनवरून लावला तर उचलला, माझा आवाज ऐकून ठेवला.

वाडीतले एक आबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, लाकडी होड्यांच्या काळातले. त्यांना मी जूनमध्ये विचारलं नव्हतं, कारण त्यांना फायबरमधलं काय कळणार, असं माझं मत. ओहोटीला होडी वर घेतली. आबांनी होडीत चार बादल्या पाणी ओतायला लावलं, फळी बाहेरून फडक्याने कोरडी पुसली आणि समोर बसून विडी पेटवली. विडी अर्धी व्हायच्या आत चकतीच्या खालच्या कडेला थेंब जमला, फुगला, पडला. पाण्यात तरंगताना गळती शोधायची नसते, पाणी आत भरून बाहेर बघायचं असतं. फुकटातली परीक्षा. मे महिन्यातच करता आली असती.

मग आतून, पाण्याच्या रेषेच्या वर, बारीक ड्रिल मारून पाहिलं. भुसा निघाला पिवळा, कोरडा, नव्या लाकडासारखा. नवं कोटिंग पत्रीने खरवडलं तर खाली माझाच जुना राखाडी रंग, जसाच्या तसा. एक इंचही कापलेलं नव्हतं. दोन दिवस ताडपत्रीआड तो माणूस बहुधा मोबाईल बघत बसला होता. चकतीला लोहचुंबक टक्कन चिकटलं, खऱ्या तीनशे सोळाला ते असं चिकटत नाही. स्क्रूखालून गंजाचे ओघळ सुटले होतेच.

आबांनी माझ्या डब्यातलं जुनं बूच मागितलं. त्यावरची रबरी रिंग सुकलेल्या आमसुलासारखी झाली होती, चपटी, कडक, वाकवल्यावर तडकली. "वायसर गेललो, दुसरा काय एक नाय. तुका कोणी सांगल्यान फळी कुसली म्हणून?" मी गप्प. "किती दिलंस?" मी पाच हजार सांगितले. आबांनाही खरं सांगू शकलो नाही. पाच हजार ऐकूनच त्यांनी कपाळाला हात लावला.

रिंग ३५ रुपयांची. त्याने केलेली घाण निस्तरायला नवी चकती आणि सीलंट मिळून १,४८० गेले, ते वेगळे.

आता आपले रखवालदार. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी दोन तास बाकावर. मग हवालदार म्हणाले, "काका, तुम्ही बोलावलं, तो आला, काम केलं, तुम्ही पैसे दिले. यात फसवणूक कुठे? काम नीट झालं नाही एवढंच. दिवाणी आहे हे." मी म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, दुसऱ्याच होडीचा तुकडा दाखवला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे ना? तर विचारतात, "वकील आहात का?" आणि लगेच, "होडीचे कागद दाखवा." म्हणजे चौकशी माझीच सुरू! कागद घरी होते. कागद घेऊन गेलो तर म्हणे तो माणूस कुठल्या हद्दीतला ते आधी सांगा. अहो, ते मी शोधून आणायचं तर तुम्ही काय करणार? हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घेता येतो, हे मला मुलाने सांगितलं, ठाण्याने नाही. अर्जाची पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात ना? मच्छीमारांच्या खात्यात म्हणाले, आम्ही परवाना बघतो, बूच नाही. तिथला एकजण हसलाही.

ठाण्याने नोंदवून घेतलं नाही तर अर्ज लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, तसा स्पीड पोस्टाने पाठवलाय. पावती जपून ठेवा, तीच तुमची पोच. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे आहे एक बंद फोन आणि तीन वेगवेगळी नावं. काम सुरू करायच्या आधी आधार कार्डाचा फोटो मागा, रागावला तर रागावू दे. मला मागायला लाज वाटली होती.

जेटीजवळच्या भिंतीवरचा नंबर कुणीतरी चुना मारून पुसलाय. बाजूला नवा नंबर आलाय, अक्षर तेच, 'गॅरंटीसह' मधला ऱ्हस्व-दीर्घही तसाच चुकलेला. मी फोटो काढून ठेवलाय. कुजका तुकडा तो त्या दिवशी ओट्यावरच विसरून गेला होता, तोही प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलाय. सोमवारी ठाण्यात चौथी फेरी. हवालदारांना म्हणणार आहे, आधी वास घेऊन बघा.